बर्न्सवार्कची राखण कोण करणार? स्कॉटलंडच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

डम्फ्रीसशायरमधल्या बर्न्सवार्क टेकडीवर स्थानिक लोकांचा लोहयुगीन गड आहे आणि त्याच्या उत्तरेला व दक्षिणेला एकेक रोमन तळ. चर खणायचा, निघालेली माती आतल्या अंगाला रचून बांध घालायचा, अशी ती लष्करी पद्धत. हे बांध गवताखाली आजही कळतात. दक्षिण तळाच्या, गडाकडे तोंड असलेल्या तीन दरवाजांपुढे मातीचे तीन मोठे ढीग आहेत. लोक त्यांना ‘तीन भाऊ’ म्हणतात. दगडी बुरूज बघायला आलेल्याचा मात्र इथे विरस होणार.

रोमन आले तेव्हा गड ओसाड होता, हे त्यांच्या सैन्याचं सरावाचं मैदान, असं विसाव्या शतकात बरेच अभ्यासक मानत. मग 2015 पासून जॉन रीड आणि अँड्र्यू निकल्सन यांनी गोफणीच्या शिशाच्या गोळ्या कुठे कुठे पडल्यात याचा शोध घेतला. गडाच्या तटालगत त्यांचा नुसता सडा. सन 140 च्या सुमारास इथे खराखुरा हल्ला झाला, असं ते म्हणतात. सगळ्यांना ते मान्य नाही, पण मला पटतं. सरावासाठी इतकं शिसं कोण उधळेल?

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावरून गोफण फिरवणाऱ्यांच्या मुलखातला मी. त्यामुळे त्यातल्या लहान, जेमतेम 30 ग्रॅमच्या गोळ्यांनी मला खिळवून ठेवलं. त्यांना मुद्दाम भोक पाडलंय. फेकली की गोळी शीळ घालत जाते. पाखरं नव्हे, माणसं बिथरवायची युक्ती!

यातल्या बऱ्याचशा गोळ्या संशोधकांनी जाणूनबुजून जमिनीतच ठेवल्या आहेत. भीती आहे ती रात्री मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं यंत्र) घेऊन येणाऱ्यांची. सुटी गोळी विकली जाईलही, पण हल्ला की सराव, याचा पुरावा ती कुठे पडली होती यात आहे. ती जागा एकदा हरवली की वाद कायमचा अनिर्णित.

कायदा कमी पडतो, अशी माझी तक्रार नाही. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं 1979 च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण डोंगरावर बघायला कोण जातं? हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेला खास या जागेसाठी पैसे द्या, वर्षाकाठी हवाई छायाचित्रं घ्या म्हणजे ताजे खड्डे लगेच दिसतील, आणि बांध पोखरणारे ससे व नेचे आवरण्याचा खर्च एकट्या जमीनमालकावर टाकू नका. येत्या अंदाजपत्रकात यातलं काय बसतं, तेवढं कळवावं.

आपला,
स्कॉटलंडमधला एक मराठी रहिवासी