आईच्या मानेला कुणी हात लावू नका

प्रिय आई, बाबा,

फोनवर बाबा दोन मिनिटांत ‘सगळं बरं आहे’ म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत आईच्या हातून चहाचा कप सुटला तेव्हा मी हसले होते. दवाखान्यात नोकरी करते अन् घरच्याच माणसाचं दिसलं नाही. परवा बोलता बोलता आई म्हणाली, रात्री बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी बधिर होत असतील तर मनगटाच्या सुजेनं नस दबली असेल. आईसारख्या संधिवातात हे पुष्कळांना होतं. पट्टा, इंजेक्शन, फार तर छोटं ऑपरेशन.

पण मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं, हे काऊन इतके दिवस सांगितलं नाही व माय? हा संधिवात बोटं वाकडी करून थांबत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते, आणि मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके धरून ठेवणारे बंधही सैल करू शकते. मणका सरकला की मज्जारज्जू दबू शकतो. बाबा, १५ वर्षांचं दुखणं आहे तिचं. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि शेजारच्या गावच्या त्या हाडं बसवणाऱ्याकडे तिला नेणार आहात म्हणे. काकांची कंबर त्यानं मोकळी केली असेल. आईच्या मानेला त्याचा एक झटका हातपाय कायमचे लुळे करू शकतो. पाया पडते, नेऊ नका. डोक्यावर पऱ्हाटीचा भारा नको, पाण्याचा गुंडही नको.

सोमवारी पहिल्या एसटीनं वर्ध्याला जा, तिथून सेवाग्राम ८ किलोमीटर. कस्तुरबा दवाखान्यात संधिवाताचं आधी सांगा, मग मानेचं. एक्स-रे काढतील, लागला तर एमआरआय. त्याआधीच चालताना तोल गेला किंवा लघवी कळेनाशी झाली, तर सोमवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा. संधिवाताचं ते औषध, मेथोट्रेक्सेट, बुधवारीच, आठवड्यातून एकदाच. रोज चुकूनही नाही.

जुनी फाईल लोखंडी पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली आहे. म्हशीचं काकू पाहतील, मी बोलले त्यांच्याशी. आई, एसटीत पुढच्या सीटवर बस, मागे गचके फार बसतात.

तुमची,
बेबी