माळ्यावरची फाईल

रत्नागिरी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हटलं ते अर्धंच खरं होतं. उरलेलं सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी ‘रेंज नाही’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात शाळेचा जिना चढताना दम लागायला लागला. वजन वाढलंय म्हणून पंधरा दिवस रात्रीचा भात सोडून बघितला, फरक नाही. मग इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, “लहानपणी काही मोठा आजार?” मी आपसूक “नाही” म्हटलं. आई, हे उत्तर तू माझ्याकडून पाढ्यांसारखं घोटून घेतलं होतंस. बाहेर येऊन चपला घातल्या, रिक्षाला हात केला आणि काय वाटलं कोण जाणे, परत आत गेले. कुर्त्याचा गळा जरा खाली ओढून तो निळा ठिपका दाखवला. लाईट, म्हणजे रेडिएशन, देताना दर वेळी नेमक्या त्याच जागी पडावी म्हणून गोंदलेला, जो तू पाहुण्यांना ‘तीळ’ म्हणून सांगायचीस. डॉक्टर लगेच म्हणाले, “लिम्फोमा होता का?” म्हणजे तोच माझा लसिकाग्रंथींचा कॅन्सर.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. प्रत्येक ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते त्यात टक्क्यांत कळतं. साधारण ५५ च्या वर हवं, माझं ४८ आहे. दोन गोळ्या सुरू झाल्यात. शाळा चालू आहे, घर चालू आहे, फक्त पाण्याची कळशी उचलत नाही.

आई, ती लाल सुई आठवते? सलाईनमधून उतरायची आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल व्हायची. मी घाबरून ओरडले तर तू म्हणालीस, “अगं, कोकमाचं आगळ प्यायलीस ना, त्याचा रंग.” ते ॲड्रियामायसिन, कॅन्सरवरचं औषध. गाठी त्यानेच वितळवल्या. पण ते हृदयाच्या स्नायूच्या पेशींनाही मारतं, आणि त्या पेशी कातडीसारख्या पुन्हा भरून येत नाहीत. उरलेल्या पेशी जास्तीचा भार ओढत राहतात, दहा-वीस वर्षं काही कळत नाही. छातीवरच्या लाईटचं वेगळंच: तिने हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, झडपा कडक होतात, तेही सावकाश. मला दोन्ही मिळालं. बीपी, साखर वाढली की धोका आणखी वाढतो. (तेव्हा आई, खारवलेली सुकट आणि लोणचं आता निम्मं पाठव. बंद कर म्हणत नाही, तेवढी हिंमत नाही.)

मला सगळ्यात जास्त टोचतंय ते चिन्मयच्या वेळचं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, तेवढं हृदयाला फिरवावं लागतं. अशा बाईची इको तेव्हा करायलाच हवी होती. नवव्या महिन्यात माझे पाय सुजले होते, रात्री उशा लावून बसून झोपायचे, आणि आपण तिघंही गप्प. सासरी कळेल म्हणून. आता ह्यांना सगळं सांगितलंय. ते रागावले नाहीत, पण दोन दिवस फार बोललेही नाहीत. ‘मला का नाही सांगितलंस’ एवढंच म्हणाले.

तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. २००१ साली गावात कॅन्सर झालेल्या मुलीचं लग्न कोणी जमवलं असतं? टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं एसीटी क्लिनिक आहे. आपण तिथे जायचो, मी सोळा वर्षांची झाल्यावर सोडलं. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून फक्त ‘ठीक आहे’ ऐकायला कशाला जायचं, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं.

आता काम सांगते. डॉक्टरांना लाल औषध एकूण किती गेलं तो आकडा हवाय. उंची-वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढून डोस ठरतो. सगळे मिळून चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा जास्त झाले असतील तर जोखीम मोठी. माझ्यासारखी छातीला लाईटही मिळाली असेल तर जोखीम मोठी व्हायला त्याहून कमी औषधही पुरतं. त्यावरून पुढच्या तपासण्या ठरतील. जास्त जोखीम असेल तर दर दोन वर्षांनी इको, जन्मभर. स्तनांची आणि थायरॉइडची तपासणीही त्या लाईटमुळेच लागणार आहे.

बाबा, तो आकडा टाटाच्या फाईलमध्ये असेल. ती नसेल तर तुमची ती निळी वही. एका पानावर वाशीला गेलेल्या पेट्यांचा हिशेब आणि समोरच्या पानावर ‘लाल सुई, तिसरी. रात्री ताप १०१.’ तुम्ही डोसही लिहायचात, मी धर्मशाळेत तुमच्या मांडीवर डोकं ठेवून बघायचे. त्या वर्षीचं काहीही टाकू नका, रेल्वेची तिकिटंसुद्धा. फोटो नकोत, ट्यूबलाईटखाली काही वाचता येत नाही. येत्या रविवारी मी स्वतः देवगडला येते.

आणि ‘कुठे ठेवलीय आठवत नाही’ असं म्हणू नका. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, डांबराच्या गोळ्यांत. किल्ली देवघराच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्यामागे. मी बारा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे.

तुमची,
बाय