पारसिकच्या पायथ्याच्या आठवणी जमवतोय, हातभार लावा

कळवा, खारेगाव, मुंब्रा, दिघा आणि आसपासच्या सर्व रहिवाशांना आमच्या वाचनालयातर्फे नमस्कार. पारसिकच्या डोंगराभोवती रेल्वेत आणि दगडखाणींवर राबलेल्या माणसांच्या आठवणी, कागद आणि वस्तू आम्ही जमवतोय.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. साहिब, सिंध, सुलतान ही ३ इंजिनं, १४ डबे आणि ४०० च्या आसपास पाहुणे. त्यापुढची गोष्ट आपली आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. १ मे १८५४ ला लाइन ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली, ती आपल्या दारावरून. त्यासाठी खाडीवर पूल उभे राहिले, पारसिकच्या डोंगराला कडेकडेने वळसा घातला गेला आणि मुंब्र्याच्या अंगाला कातळ फोडून छोटे बोगदे काढले गेले. पुढे हा वळसाच टाळायचं ठरलं आणि डोंगराच्या पोटातून सुमारे १.३ किलोमीटरचा सरळ बोगदा खणला गेला. १९१६ मध्ये तो सुरू झाला. फास्ट लोकलने डोंबिवली-कल्याणला जाणाऱ्या कितीतरी पिढ्या त्याच बोगद्यातून गेल्या. २०२२ मध्ये पाचवी-सहावी लाइन झाल्यावर फास्ट लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. आज शाळेत असलेल्या मुलांना बोगद्यात शिरताच डब्यात उठणारा पोरांचा गिल्ला माहीत नसेल. तोही आम्हाला नोंदवून ठेवायचा आहे.

लाइन आखणाऱ्या जेम्स बर्कलीचं नाव पुस्तकात मिळतं. रेल्वेसाठी खटपट करणारे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचीही नावं मिळतात, आणि ती मिळायलाच हवीत. पण पहारीने भोकं पाडून त्यात सुरुंग ठासणारे, राडारोडा उपसणारे, रुळांखालच्या आडव्या स्लीपरखाली खडी ठोकणारे गँगमन, रात्रीबेरात्री रूळ तपासत चालणारे चावीवाले यांची नावं कुठेच नाहीत. ती असलीच तर आपल्या घरांतल्या ट्रंकांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहेत.

दगडखाणींचं तर त्याहून वाईट. पारसिकचा दगड म्हणजे काळा बसाल्ट, टणक आणि फोडल्यावर धारदार कोपऱ्यांचा. रुळाखाली अशीच खडी लागते. कोपरे एकमेकांत अडकून बसतात, म्हणून गाडीच्या धक्क्याने स्लीपर सरकत नाही, आणि मधल्या फटींतून पावसाचं पाणी निघून जातं. आता ही खडी क्रशर करतो. पूर्वी ती माणसं हाताने फोडत. बाप घण घाली, आई हातोडीने बारीक करी, पोरं पाटीत भरून ढिगावर नेत. या कामात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली अनेक कुटुंबं वडार समाजाची, काही १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली, आणि शेजारी आपले आगरी-कोळी. पुढे नवी मुंबई उभी राहताना डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, तुर्भ्याच्या बाजूला, खाणींची रांगच लागली. इमारतींच्या काँक्रीटमध्ये, रस्त्यांत, रुळांखाली तोच दगड गेला.

डोंगर पोखरला गेला, पाखरं-झाडं गेली, धुळीने माणसांच्या छात्या भरल्या, हे खरं आहे. त्याच डोंगरावर शेकडो चुली पेटल्या, हेही खरं. आम्हाला दोन्ही लिहून ठेवायचं आहे, आणि एकासाठी दुसरं झाकायचं नाही.

गेल्या वर्षी एका आजींनी आमच्याकडे एक वही आणून दिली. त्यांचे यजमान खाणीवर मुकादम होते. लाल पुठ्ठ्याची छोटी वही, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. रोज एक ओळ: तारीख, माणसाचं नाव, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) दगड, किती उचल. मधेच ‘पाऊस, काम बंद’. एका पानावर फक्त ‘सुरुंग उडाला नाही, उद्या बघणे’ एवढंच, आणि दुसऱ्या दिवशीचं पान कोरं आहे. त्या दिवशी काय झालं ते सांगणारं कुणी उरलं आहे का, हे आम्ही शोधतो आहोत. वहीतल्या नावांपैकी काहींचे नातू आजही याच भागात राहतात. आजोबांचं नाव वाचताना त्यांचे चेहरे आम्ही पाहिलेत, म्हणून हे आवाहन.

काम घाईचं आहे. बैठ्या चाळी पाडून टॉवर होत आहेत आणि घर रिकामं करताना सगळ्यात आधी भंगारात जातात त्या अशाच वह्या, हातकंदील, पगाराच्या चिठ्ठ्या, जुने फोटो. दिघ्याच्या इलठणपाड्याला इंग्रजांच्या काळातलं रेल्वेचं धरण आहे, कोळशाच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं. ज्यांना त्याच्या जुन्या गोष्टी माहीत आहेत अशी माणसं आता मोजकीच उरली आहेत. २०२४ च्या जानेवारीत दिघागाव स्टेशन सुरू झालं. ते कोणत्या मातीवर उभं आहे, हे तिथे उतरणाऱ्यांना कळायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

तुमच्याकडून काय हवं? सगळ्यात आधी माणसं. रेल्वेत किंवा खाणीवर राबलेले आजी-आजोबा घरात असतील तर कळवा, आम्ही घरी येऊन, त्यांच्या सोयीने बोलणं रेकॉर्ड करू. काहींचं बोलणं वडारी, कन्नड किंवा तेलुगूत होतं. या भाषा समजणाऱ्या तरुणांची आम्हाला फार गरज आहे. फोटो, बिल्ले, हजेरीकार्ड, पत्रं, अवजारं असं काहीही असलं तरी दाखवा. कागद वाचनालयातच स्कॅन करून तुमच्यासमोर परत देऊ. वस्तू कायमची द्यायची की नाही हे सर्वस्वी तुमचं. एखादी आठवण छापायची नसेल तर तसं सांगा, ती बंदच राहील.

पैशांचीही गरज आहे, ते संकोच न ठेवता सांगतो. स्कॅनर, आवाज नोंदवायची यंत्रं, हार्ड डिस्क, कागद ठेवायला वाळवी न लागणारं स्टीलचं कपाट आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना थोडं मानधन, एवढ्यासाठीच निधी वापरला जाईल. रक्कम कितीही चालेल. प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. वह्या उतरवून घ्यायला सुवाच्य अक्षराची माणसं हवीच आहेत.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ९ उघडं असतं. वस्तू आणताना ती कुणाची, कुठली आणि साधारण कधीची, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, आम्ही लिहून घेऊ.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते