‘अधिक ३’ ही कमाई नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोल्फची बातमी मराठी क्रीडापानावर क्वचित येते, आणि येते तेव्हा आकडे हमखास उलटे बसलेले असतात. ‘पारपेक्षा तीन अधिक अशी कमाई’, ‘उणे पाचपर्यंत घसरण’, ‘पहिल्या फेरीत ७६ गुण’ अशी वाक्ये आपल्याच नव्हे, सगळ्याच दैनिकांत आलटून पालटून दिसतात. उपसंपादकांना फार दोष देता येत नाही. धावा मोजण्याची सवय झालेल्या नजरेला मोठा आकडा चांगलाच वाटणार. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे. जागा कमी पडली तर खुशाल कापावे, फक्त पार कापू नये.

गोल्फमध्ये फटके मोजतात, आणि ज्याचे कमी तो पुढे. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, पहिला फटका मारल्यापासून चेंडू कपात पडेपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. त्यातले सगळे फटके आणि वर दंडाचे फटके, असे अठरा होलांचे मिळून फेरीचा आकडा होतो. मारण्याच्या इराद्याने क्लब (गोल्फची काठी) फिरवला आणि चेंडूला लागलाच नाही, तरी तो फटकाच. प्रत्येक होलला एक पार ठरवलेला असतो. निष्णात खेळाडूने, नेहमीच्या हवामानात, तो होल किती फटक्यांत संपवावा याचा हा अंदाज. त्यात ग्रीनवरचे, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे, दोन ‘पट’ (चेंडू कपाकडे हलकेच लोटणारे फटके) धरलेले असतात. पार तीनला एका फटक्यात ग्रीन गाठायचे, पार चारला दोन, पार पाचला तीन, आणि पुढे दोन पट. पार मुख्यतः लांबीवर ठरतो. पुरुषांसाठी साधारण २६० यार्डांपर्यंत पार तीन, २४० ते ४९० पार चार, ४५० ते ७१० पार पाच. महिलांसाठी हेच पट्टे २२० पर्यंत, २०० ते ४२० आणि ३७० ते ६०० यार्डांचे. हे पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, कारण चढ-उतार आणि वाटेतले अडथळे पाहून पार ठरवणाऱ्या समितीला थोडी मोकळीक लागते.

पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी ईगल, तीन कमी अल्बाट्रॉस. एक जास्त बोगी, दोन जास्त डबल बोगी, तीन जास्त ट्रिपल बोगी. भाषांतर करताना पाय घसरतो तो इथे. अमेरिकेत अल्बाट्रॉसला डबल ईगल म्हणतात, म्हणून वृत्तसंस्थेच्या मजकुरातला ‘डबल ईगल’ पाहून ‘दोन ईगल’ लिहू नये. दोन ईगल म्हणजे दोन होल आणि एकूण चार फटक्यांची बचत. डबल ईगल म्हणजे एकच होल आणि तीन फटके. डबल बोगी आणि दोन बोगी यांत एकूण हिशेब सारखाच भरतो, पण घडलेली गोष्ट वेगळी असते: दोन होलांवर थोडे थोडे निसटणे निराळे आणि एकाच होलवर चेंडू तळ्यात घालणे निराळे. होल-इन-वन ही स्वतंत्र पायरी नाही. पार तीनवर साधला तर तो ईगल, पार चारवर साधला तर अल्बाट्रॉस.

आता पार ओलांडला जातो कसा. चारशे यार्डांचा पार चार घ्या. ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, दुसरा फटका ग्रीनवर, दोन पट, झाले चार. पहिला पट सहा फूट लांब थांबला आणि तिसरा लागला की बोगी. हौशी खेळाडूंच्या बहुतेक बोगी अशा ग्रीनच्या आसपासच होतात. त्यात नाट्य काही नसते, म्हणून बातमीतही येत नाही. ड्राइव्ह लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या आत, म्हणजे पाणी वगैरे असलेल्या पेनल्टी एरियात गेला, तर एक दंड. एक फटका, एक दंड, मग ड्रॉप करून, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून, मारलेला फटका तिसरा. तो ग्रीनवर बसला आणि दोन पट झाले, तर पाच. म्हणजे खेळाडू बोगीवर सुटला.

पांढऱ्या खुंट्यांबाहेर मात्र सूट नाही. तो चेंडू आउट ऑफ बाउंड्स. दंड एक फटक्याचाच, पण अंतरही जाते: परत टीवर येऊन मारायचे आणि तो फटका तिसरा धरायचा. चौथा ग्रीनवर, दोन पट, एकूण सहा, डबल बोगी. हरवलेल्या चेंडूलाही हाच नियम आहे आणि २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटे मिळतात, पूर्वी पाच होती. पावसाळ्यानंतर आपल्याकडे रफ (फेअरवेच्या कडेचे उंच गवत) वाढलेले असते तेव्हा ही तीन मिनिटे भुर्रकन जातात. म्हणून शंका असेल तर पुढे चालू लागण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवावा. तसे न सांगता मारला, तर मूळ चेंडू नंतर सापडूनही उपयोग नसतो. खेळात तो दुसराच चेंडू राहतो आणि फटका तिसराच धरला जातो.

बाकीचे दंड बारीकसारीक आणि म्हणून जास्त चिडचिड करणारे. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सरावासाठी फिरवताना वाळूला क्लब लागला, दोन फटके. दुसऱ्याचा चेंडू खेळला, दोन फटके, आणि त्या चेंडूवर मारलेले मोजायचे नाहीत. मागे येऊन आपला खेळायचा. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून करायचा असतो. जुन्या सवयीने खांद्यावरून सोडला आणि न सुधारता तसाच मारला, तर एक फटका.

एका होलवर हे सगळे कसे साचत जाते, ते १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जगाने पाहिले. स्कॉटलंडमधले कार्नुस्टी, शेवटचा होल, पार चार. फ्रान्सच्या जाँ व्हॅन द वेल्डकडे तीन फटक्यांची आघाडी होती, म्हणजे डबल बोगी करूनही तो जिंकला असता. पहिला फटका उजवीकडे भरकटला, तरी कोरडा राहिला. दुसरा प्रेक्षकांच्या स्टँडच्या लोखंडावर आदळून मागे आला आणि दाट गवतात बसला. तिसरा ओढ्यात. बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला, चेंडू तिथूनच मारावा का याचा विचार केला आणि शेवटी दंड घेतला, तो चौथा. पाचवा बंकरमध्ये, सहावा बाहेर, सातवा पट कपात. हा शेवटचा पट सोपा मुळीच नव्हता, हे सांगायचे बहुतेक जण विसरतात. ट्रिपल बोगी, बरोबरी, आणि प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा होलांत, पॉल लॉरी विजेता. त्या स्पर्धेत बरोबरीला आलेल्या तिघांचाही आकडा होता २९०, पारपेक्षा सहा जास्त. म्हणजे सहा फटके जास्त खेळूनही विजेतेपद मिळाले. २००७ ची यूएस ओपन आन्खेल काब्रेराने ओकमाँटवर पाच जास्तने जिंकली, २०१८ ची ब्रूक्स केप्काने एक जास्तने. ‘पार ओलांडला म्हणजे खेळ खराब’ हे समीकरण अशा मैदानांवर टिकत नाही. गवत गुडघ्याशी, ग्रीन काचेसारखी आणि वारा सुटलेला, अशा आठवड्यात पार ही चैन असते.

उलटही खरे, आणि त्यासाठी २८७ हा एकच आकडा घेऊ. २००० च्या यूएस ओपनमध्ये पेबल बीचवर एर्नी एल्स आणि मिगेल आन्खेल हिमेनेझ यांनी चार फेऱ्यांत २८७ फटके घेतले. फेरीचा पार ७१, चार फेऱ्यांचा २८४, म्हणून तीन जास्त. दोघे संयुक्त दुसरे आले. टोकियो ऑलिंपिकमध्ये कासुमिगासेकीच्या मैदानावर, पार तोच ७१, पुण्याच्या उदयन मानेचे ७६, ६९, ७०, ७२ मिळून २८७, तेही तीन जास्त. तो संयुक्त ५६वा आला. टायगर वूड्सने २०२० च्या मास्टर्समध्ये २८७ च घेतले, पण ती स्पर्धा होते त्या ऑगस्टाच्या मैदानाचा पार ७२ असल्याने तो पारपेक्षा एक कमी ठरला, आणि तरीही संयुक्त ३८वाच. शेवटच्या दिवशी बाराव्या होलवर, पार तीनवर, त्याने दहा फटके घेतले होते, म्हणजे एकाच होलवर सात जास्त. पुढच्या सहा होलांत पाच बर्डी करून तो पुन्हा पारखाली आला. फटके तेवढेच, आणि निकाल दुसऱ्या क्रमांकापासून ५६व्यापर्यंत. उदयनच्या चार फेऱ्या नीट पाहिल्या तर पहिली पाच जास्त, दुसरी दोन कमी, तिसरी एक कमी, चौथी एक जास्त. पहिल्या दिवसानंतरच्या तीन फेऱ्यांत तो पारपेक्षा दोन कमी खेळला. ‘तीन अधिक’ एवढेच छापले की हे सगळे पुसले जाते.

त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. ६७, ६६, ६८, ६८, एकूण २६९, पारपेक्षा १५ कमी. रौप्य आणि कांस्यपदक विजेत्या १६ कमीवर, सुवर्णपदक विजेती नेली कोर्डा १७ कमीवर. अदितीच्या शेवटच्या फेरीत पाच बर्डी आणि दोन बोगी होत्या. यांतली एक बोगी पार झाली असती तर ती पदकाच्या प्ले-ऑफमध्ये असती. ‘उणे १५ गुण’ असे वाचणाऱ्याला यातले काय कळणार?

पार हा निसर्गनियम नाही, हेही लक्षात असू द्यावे. पेबल बीचचा दुसरा होल एरवी पार पाच आहे. २००० साली यूएस ओपनसाठी तोच पार चार केला गेला आणि मैदान ७२ चे ७१ झाले. टायगर त्या वर्षी २७२ फटक्यांत, १२ कमीवर जिंकला. होलचा पार बदलला नसता तर तेच २७२ फटके १६ कमी झाले असते. म्हणून वेगवेगळ्या मैदानांवरच्या ‘किती कमी, किती जास्त’ची तुलना करून विक्रमाचे मथळे देताना जरा थांबावे.

क्लबच्या स्पर्धांच्या बातम्या स्थानिक पुरवणीत येतात, तिथे आणखी एक घोळ असतो. १८ हँडिकॅपच्या (कौशल्यानुसार १८ फटक्यांची सूट असलेल्या) खेळाडूने पार ७२ च्या मैदानावर ९० फटके घेतले, तर ग्रॉस (प्रत्यक्ष फटके) ९० आणि नेट (सूट वजा करून) ७२. प्रत्येक होलवर बोगी झाली, पण त्याच्या हिशेबाने तो बरोबर पार खेळला. त्याला ‘१८ ने मागे’ म्हणणे अन्याय आहे. नेट आणि ग्रॉस एकाच यादीत मिसळले की ७० वाला हौशी ७१ च्या व्यावसायिकापेक्षा सरस दिसतो. स्पर्धेत एखाद्या होलवर नऊ झाले तर कार्डावर नऊच राहतात, पण हँडिकॅपच्या नोंदीत नेट डबल बोगीपर्यंतच धरतात: पार अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारी सूट. पार चार, सूट एक, म्हणजे सातच. स्टेबलफोर्ड पद्धतीत मात्र खरोखर गुण असतात आणि जास्त गुण तो पुढे. नेट पारला दोन, बर्डीला तीन, बोगीला एक, डबल बोगी आणि त्यापुढे शून्य. तिथे ‘३९ गुणांसह विजेता’ अगदी बरोबर आहे; ३६ म्हणजे खेळाडू आपल्या हँडिकॅपला जागला.

थेट फलकावरून बातमी उचलताना दोन गोष्टी. हिशेबाच्या वहीत लाल म्हणजे तोटा, गोल्फच्या फलकावर लाल आकडा म्हणजे पारखाली. ‘ई’ दिसले तर ते पारइतके, शून्य. शेजारच्या रकान्यात १२ असेल तर खेळाडूचे बारा होल झालेले आहेत. त्या घडीला फेरीचे एकूण फटके लिहिताच येत नाहीत. अमेरिकेतल्या शेवटच्या फेऱ्या आपली छपाई सुरू झाल्यावर संपतात, तेव्हा ‘बारा होलअखेर’ एवढे दोन शब्द घातले तरी पुरे.

निकालाची ओळ अशी छापता येईल: उदयन माने, ७६, ६९, ७०, ७२, एकूण २८७, पारपेक्षा ३ जास्त, संयुक्त ५६वा, मैदानाचा पार ७१. एका रकान्यात मावते. अधिक-उणेची चिन्हे तक्त्यात चालतील, मजकुरात ‘जास्त’ आणि ‘कमी’ बरे. मॅच-प्लेच्या निकालाला मात्र यातले काहीच लावू नये. ‘३ आणि २’ म्हणजे दोन होल उरले असताना तीन होलांची आघाडी घेऊन सामना संपला. तिथे होल जिंकायचे असतात, आणि प्रतिस्पर्ध्याने आठ घेतले तर सातनेही होल आपला.

आपले,
हौशी स्पर्धांत स्कोअरकार्ड तपासणारे काही वाचक, पुणे