उजनीचे दगड खरवडून बघा साहेब

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या बाजूला मासेमारी करतो. गेल्या गुरुवारी पहाटे आई होडीतून उतरताना काठच्या दगडावरून सटकली आणि मनगट मोडलं, आता दीड महिना प्लास्टर. दगडावर बोटभर जाड बुळबुळीत थर होता, हिरवट तपकिरी. याच काठावरून मागच्या वर्षी एक साहेब बाटलीत पाणी भरून घेऊन गेले, महिन्यात रिपोर्ट देतो म्हणाले. दोनदा हेलपाटे मारले, रोजगार बुडाला, रिपोर्ट अजून नाही.

तो थर काय आहे ते मला माझ्या पोरीने दाखवलं. बीएस्सीला आहे, तिने जाळ्याचा तुकडा नेऊन कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली लावला. पाण्यात काहीही बुडालं, दगड असो, जाळं असो नाहीतर होडीचा तळ, की आधी बॅक्टेरिया चिकटतात, मग डायटम, म्हणजे डोळ्याला न दिसणारं एका पेशीचं शेवाळ, त्यांचं कवच काचेसारखं सिलिकाचं असतं, मग शेवाळाचे तंतू, आणि हे सगळे स्वतःच चिकट पदार्थ सोडून घट्ट धरून बसतात. चांगल्या पाण्यातही हा थर असतो साहेब, पण पातळ, गोगलगायी आणि चिलापी त्यावरच चरतात. आमच्याकडे त्याला बारा महिने खुराक आहे. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पवना, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्यात, वर उसाच्या रानातलं खत, त्यात आमच्या भावकीचंही रान आलं, ते मी नाकारत नाही. फॉस्फरस, नायट्रोजन एवढं मिळाल्यावर थर माजणारच. जाळं इतकं जड होतं की खांदा भरून येतो, भोकं बुजतात, माशाला जाळं लांबूनच दिसतं. पूर्वी आठवड्याने धुवायचो, आता तिसऱ्या दिवशी.

बाटलीतलं पाणी त्या दिवसापुरतं असतं, पाऊस झाला की बदलतं. दगडावरचा थर आठवडेच्या आठवडे तिथेच बसून सगळं सोसतो, म्हणून युरोपात नद्या तपासायला डायटम खरवडून बघतात. पुण्यातच आघारकर संस्थेत डायटमचे अभ्यासक आहेत, परदेशात जायची गरज नाही.

धरण 117 टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे खाली बसलेलं तिथेच राहतं आणि यातलंच पाणी सोलापूर पितं. 1974 चा पाणी प्रदूषण रोखायचा कायदा आहे, तरी नाले सुरूच आहेत. 1980 ला धरण झालं तेव्हा आमच्या आजोबांची काळी जमीन त्यात गेली, पळसदेवचं जुनं देऊळ गेलं, तेव्हाही सही घ्यायला सगळे आले होते, नंतर कोण फिरकलं? जमीन दिली आम्ही, घाण पण आम्हीच घ्यायची, आणि शहरात नदीकाठ सुधारायचे बोर्ड लागतात.

आईचं प्लास्टर निघायच्या आत माणूस पाठवा. होडी माझी, डिझेल माझं. त्याने फक्त ब्रश आणि डबी आणावी आणि रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावावा.

आपला,
उजनीकाठचा एक मच्छीमार