फणसाचा करंडा आणि तात्यांचा वाटा

तात्या, सप्रेम नमस्कार.

जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहायच्या आधी देवळासमोर पावणी झाली, तेव्हा माइकवर एकच नाव घेतलं गेलं आणि ते माझं होतं. ‘बाईंनी स्वतः कातलेला फणसाच्या लाकडाचा करंडा!’ तुम्ही मंडपाच्या खांबाला टेकून पान जमवत होतात. निवेदकाला तुमचं नाव सांगायला मी उठले, तर हाताने खूण करून तुम्ही मला खाली बसवलंत आणि नंतर म्हणालात, “माजा नाव कित्याक? फणसाचा घेवा.” ठीक आहे, इथेही ते लिहीत नाही. पण त्या करंड्यात कोणाचं काम किती, हे चार लोकांसमोर मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडंच लिहितेय.

घाटावरच्या वाचकांना पावणी ठाऊक नसेल. आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवापुढे आलेल्या वस्तूंचा जो लिलाव होतो, ती पावणी. नारळ, केळ्यांचा घड, भोपळा, काहीही. बाजारभावाचा तिथे संबंध नसतो. एखादा नारळ हजारांवर जातो आणि घेणारा तो डोक्याला लावून घरी नेतो. यंदा पावणीतला एक भाग गावातल्या आजारी माणसांना बांबोळीला नेणाऱ्या गाडीसाठी ठेवायचं ठरलं. सावंतवाडी-दोडामार्गकडे मोठं दुखणं निघालं की गोव्याच्या मेडिकल कॉलेजची वाट धरावी लागते. दवाखान्यापेक्षा गाडीभाड्याचीच धास्ती घेणारी घरं माझ्या वर्गातल्या मुलांच्या हजेरीपटावरून मला तोंडपाठ आहेत. पैशांच्या जोडीला हाताने केलेलं काहीतरी द्यावं असं मनात होतं. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेलं छोटं लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, पडवीत होतं. लाकूड मात्र नव्हतं.

ते तुमच्या माडीखाली होतं. १६ मे २०२१ च्या आसपास तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा तुमच्या परसातला जुना फणस आडवा झाला. खोडाच्या फळ्या गेल्या, फांद्या चुलीत गेल्या; बुंध्याकडचा जाड भाग मात्र तुम्ही कोणाला दिला नव्हता. तो उभा फाडून मधला गाभा काढून टाकलात, कारण चीर पडायला सुरुवात तिथूनच होते. मग दोन्ही टोकांना शेणमाती लिंपून तो सावलीत रचून ठेवलात. पाणी टोकांतून सर्वांत झपाट्याने उडतं, म्हणून टोकं बुजवायची, हे मला तुमच्याकडे पहिल्यांदा कळलं. जाड लाकडाला इंचामागे साधारण वर्ष द्यावं असा हिशेब आहे. एवढी वर्षं जे लाकूड तुम्ही स्वतःच्या मनातल्या कुठल्यातरी कामासाठी राखून ठेवलं होतंत, ते मी विचारल्यावर चहा संपायच्या आत उचलून बाहेर आणलंत. कोणत्या कामासाठी राखलं होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. आभाराची पहिली ओळ इथे आहे.

दुसरी ओळ तुम्ही मला लावलेल्या थांबण्याची. मला वाटलं होतं, आता आकार देऊन मोकळं व्हायचं. तुम्ही आधी नुसता जाड आकार काढायला लावलात: व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत ठेवायची, म्हणजे आठ इंचांच्या करंड्याला पाऊण इंचाहून जरा जास्त, आणि मग त्याच लाकडाच्या ढलप्यांत पुरून कागदी गोणीत ठेवून द्यायचं. “घाई कित्याक, बाई? ता काय खंय पळान जाऊचा नाय.” मी ते दर आठवड्याला वाण्याकडच्या काट्यावर वजन करून वहीत टिपू लागले. तुम्ही हसलात, पण तो आलेख अजून माझ्याकडे आहे. आधी सरळ घसरगुंडी, मग हळूहळू सपाटी, आणि पावसाळा लागल्यावर रेघ चक्क वर चढलेली. लाकडाने हवेतलं पाणी परत पिऊन घेतलं होतं.

आणि तो आकार! मी गोल कातून ठेवलेलं तोंड बाहेर काढलं तेव्हा लांबट झालेलं. दोन व्यास मोजले, वेगवेगळे आले. लाकूड वाढीच्या कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. त्यामुळे वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. आयुष्यभर फळ्यावर लंबवर्तुळं काढली, पण झाडाला ती आपण होऊन काढताना पाहायचं राहिलं होतं. भिंत जाड का ठेवायला लावलीत तेही तेव्हाच उमगलं: वाकडं झालेलं पुन्हा गोल करायला अंगात लाकूड शिल्लक हवं.

झाकणाचं काम तुम्ही दिवाळीच्या पुढे ढकललंत. पावसात घट्ट बसवलेलं झाकण उन्हाळ्यात खुळखुळतं, असं म्हणालात. झाकण आणि बूड एकाच ओंडक्यातून, एकाखाली एक असं कापायला लावलंत, म्हणजे फुगले तर दोघं मिळून फुगतील आणि रेषाही जुळतील. पेन्सिलीची एक खूण दोन्हींवरून ओढून ठेवलीत. आता झाकण कसंही ठेवलं तरी हात आपोआप फिरवून रेषा जुळवतो. ज्यांनी करंडा घेतला ते गृहस्थही पावती फाडून होईपर्यंत तेच करत होते.

कातायच्या वेळी तुम्ही माझ्या उजव्या अंगाला उभे असायचात आणि बोलायचात फार कमी. आधी पटाशीची पाठ लाकडावर टेकवायची, मग मूठ हळूच वर उचलायची, म्हणजे धार आपोआप लाकडात शिरते. नीट लागली की भुशाऐवजी लांब सालपट निघतं. आतून पोखरताना धागे उभे, तोंडाशी आलेले, त्यामुळे ते काम सगळ्यांत चिवट. तिथे तुम्ही डोळे मिटून ऐकायला सांगितलंत, कारण भिंत पातळ होत गेली की आवाज बदलतो. तुमच्या लहानपणी मोटर नव्हती. समोर बसून कोणीतरी दोरी ओढायचं, लाकूड एकदा पुढे फिरायचं, एकदा मागे, आणि धार लावायची फक्त पुढच्या फेरीत. निम्मा वेळ हात आवरून धरायचा. तुमच्या हातातला तो आवर त्या दोरीने आला असावा असं मला वाटतं. मोटरवर शिकलेल्या माझ्यासारखीला तो उसनाच घ्यावा लागतो.

रंगाबद्दल आपलं जरा वाजलं. सावंतवाडीचं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चितारआळीतली लाकडी फळं येतात, लालभडक, हिरवीगार. ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडावर शोभतात. मला वाटत होतं, पावणीत लांबून दिसायचं तर करंडाही तसाच रंगवावा. तुम्ही ओल्या फडक्याने लाकूड पुसून उन्हात धरलंत. आतून हळदीसारखा पिवळा उजळला आणि मी गप्प बसले. म्हणून लाख फक्त तीन अरुंद पट्ट्यांपुरती: फिरत्या लाकडावर लाल लाखेची कांडी दाबली, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चिकटली, मग त्यावरून केवड्याचं पान फिरवलंत आणि लाख आरशागत चमकायला लागली. एवढ्याशा किड्यांनी पळस-कुसुंबाच्या फांद्यांवर केलेला चीक तो, आणि पॉलिशपेपर लावून लावून मला जमलं नव्हतं ते एका पानाने केलं.

इथे एक मनातलं बोलून घेते. चितारआळीत लाकडी आंबा-केळ्यांच्या टोपलीवर दहा रुपये कमी करायला लावणारी माणसं आणि पावणीत नारळावर हजारांची बोली लावणारी माणसं वेगळी नाहीत. मीही त्यांच्यातलीच. देवाचं नाव लागलं की हात सैल सुटतो, कातणाऱ्याचं लागलं की आखडतो. माइकवर तुमचं नाव यायला हवं होतं ते यासाठीसुद्धा.

बोलीचं तुम्ही स्वतः पाहिलंतच. मुंबईहून आलेले एक चाकरमानी आणि आपल्या बाजारपेठेतले एक दुकानदार अडून बसले. मध्येच मागून कोणीतरी ओरडलं, एवढ्या करंड्यात कुंकू भरायचं तर अख्ख्या गावाच्या सवाष्णी लागतील, आणि त्या हशात भाव आणखी वर गेला. एक वार, दोन वार, तीन वार होईपर्यंत आकडा पाच अंकी झाला होता. करंडा मुंबईला गेला, पैसे गाडीच्या खात्यात जमा झाले. पावतीची एक प्रत तुमच्यासाठी काढून ठेवली आहे.

घेणाऱ्यांना मी तुमच्या सूचना कागदावर लिहून दिल्या. एसीच्या झोताखाली ठेवू नये. लाखेवर गरम भांडं किंवा स्पिरिट लागू देऊ नये. आणि हा पिवळा रंग उजेडाने हळूहळू तपकिरी-सोनेरी होत जाणार, तेव्हा बिघडला असं समजून कोणाकडून पॉलिश मारून घेऊ नये. त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? मी तुमचं गाव सांगितलं, नाव नाही. आता ते येत्या मे महिन्यात तुम्हाला शोधत येणार आहेत, त्याची जबाबदारी माझी नाही.

राहिला व्यवहार. लाकडाचे पैसे तुम्ही घेणार नाही हे मला माहीत होतं, पण लाखेच्या कांड्या तर तुम्ही विकत आणलेल्या होत्या. त्यांचे पैसे मी दोनदा तुमच्या फळीवर ठेवले आणि दोन्ही वेळा ते माझ्या पिशवीत ढलप्यांखाली सापडले. तेव्हा माझं ठरलंय: येत्या रविवारपासून तुमच्या नातवाचं नववीचं गणित माझ्याकडे. त्याला अजून सांगितलेलं नाही. तेवढं तुम्हीच सांगा.

तुमची,
पडवीतल्या लेथवाली बाई