पहिल्या पावसाच्या रात्री नमुना घ्या

महोदय,

जळगाव तालुक्यात गिरणाकाठी माझी साडेतीन एकर केळी आहे. बांधाला लागून नाला वाहतो. त्याच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत आणि खाली तो गिरणेत पडतो. गेल्या मृगात पहिला जोराचा पाऊस झाला, त्या रात्री एकच्या सुमारास मी मोटार बघायला गेलो. नाल्याला विटकरी फेस आला होता, वासाने डोळे चुरचुरत होते. उजाडेपर्यंत पाणी मातकट झाले, फेस वाहून गेला. डोहात मेलेले मासे तेवढे राहिले. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब चार दिवसांनी आले, बाटली भरून नेली. अहवाल आला, 'मर्यादेत'. ज्या पाण्याने मासे मेले, ते तोवर तापीला मिळाले होते.

त्या रात्री मीही एक बाटली भरून ठेवली आहे. पण अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच कोर्टात चालतो, म्हणून ती कुणी घेत नाही.

सगळेच कारखाने असे करतात, असे मी म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ तिथेच कामाला आहे, त्याच्या पगारावर पोरांची शाळा चालते. पण सांडपाणी शुद्ध करायला वीज लागते, औषधे लागतात. पुरात सोडून द्यायला काहीच लागत नाही.

पाऊस सरला की दुसरा त्रास. गिरणा धरणाचे आवर्तन सुटले तरच आमच्या नदीला पाणी. एरवी पात्रात ओल दिसते ती नाल्याची. घाण पातळ करायला चांगले पाणीच नसते, मग तीच जमिनीत मुरते. लहानपणी माझी आई या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरायची. वाळू पाणी गाळून द्यायची. ती वाळूही ट्रॅक्टरने गेली. आज विहिरीच्या पाण्यात क्षार मोजले तर लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या पुढे भरतात; पिण्याला ५०० चांगले मानतात. तूरडाळ शिजत नाही, ठिबकच्या नळ्या पांढऱ्या थराने बुजतात. पिण्यासाठी जार विकत आणतो, नदीकाठी राहून.

नदीत, नाल्यात, विहिरीत विषारी पाणी सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ ने बंदी आहे. नवा कायदा मी मागत नाही. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत नमुने रात्री घ्यावेत, कारखान्यांच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर गावाला द्यावा. मृगाला अजून वेळ आहे, तेवढ्यात हे होऊ शकते. नाल्यापर्यंतची वाट मी दाखवीन, कितीही वाजले तरी.

– एक केळी उत्पादक, गिरणाकाठ, ता. जळगाव